पाहुण्यांचं भाषण, आपले प्रश्न

श्रोतेहो, नमस्कार.

कॉलेजात परदेशातून मोठा पाहुणा येणार म्हटलं की कोल्हापुरात लगबग सुरू होते. फेटे बांधणाऱ्याला निरोप जातो, फाटकापासून सभागृहापर्यंत रांगोळी पडते, समई घासूनपुसून लखलखीत होते. या आदरातिथ्यात काही उणं पडू नये असं मलाही वाटतं. पण जगाच्या राजकारणात वावरलेला माणूस लोकशाहीवर आणि समाजबदलावर आपल्या मुलामुलींशी बोलायला उभा राहतो, तेव्हा त्या दोन तासांतून मुलांच्या हाती काय लागतं, याची काळजी मला फेट्यापेक्षा जास्त वाटते. माझ्या मते अशा भाषणाचं मोल ठरतं ते त्यानंतर विचारलेल्या प्रश्नांवर. आणि ते प्रश्न आपल्या मातीतून, आपल्या गावातून घेऊन जायचे असतात.

पाहुण्यानं कसं बोलावं याचं एक उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. 6 जून 1966 चा दिवस. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदी राजवट ऐन भरात होती. केप टाउन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांपुढे अमेरिकेचे सिनेटर रॉबर्ट केनेडी बोलायला आले. ज्या विद्यार्थी संघटनेनं त्यांना बोलावलं होतं तिचा अध्यक्ष इयन रॉबर्टसन याच्यावर सरकारनं बंदीहुकूम बजावला होता, त्याला सभेला यायची मनाई होती. व्यासपीठावर त्याच्या नावाची खुर्ची रिकामी ठेवली होती. केनेडींनी एका देशाचं वर्णन करायला सुरुवात केली. सतराव्या शतकात डच लोक तिथं येऊन वसले, मग इंग्रजांनी ताबा घेतला, मूळच्या रहिवाशांना दडपलं गेलं, गुलाम आणले गेले आणि त्या गुलामगिरीच्या खुणा पुसायला तो देश अजून झगडतो आहे. ऐकणाऱ्याला वाटावं, हे आपल्याच देशाबद्दल चाललं आहे. आणि मग ते म्हणाले, मी अर्थातच अमेरिकेबद्दल बोलतो आहे.

परक्याच्या घरात जाऊन त्याची उणीदुणी काढणं सोपं असतं. केनेडींनी आधी आपल्या घरातली उणीव उघडी केली आणि मगच यजमानांच्या अन्यायाला हात घातला. असा पाहुणा ऐकावासा वाटतो. आपल्याकडे येणाऱ्या वक्त्याला पारखायची हीच खूण मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगत असतो: स्वतःच्या देशाबद्दल, स्वतःच्या कारकिर्दीबद्दल हा माणूस किती खरं बोलतो?

आता ऐकणाऱ्यांची बाजू. बराक ओबामा नोव्हेंबर 2010 मध्ये मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात आले, तेव्हा त्यांनी विद्यार्थ्यांचे प्रश्न घेतले. एका विद्यार्थिनीनं उभं राहून सरळ विचारलं की पाकिस्तान अमेरिकेला एवढा जवळचा का, त्याला दहशतवादी राष्ट्र का म्हटलं जात नाही? जगातल्या सर्वांत ताकदवान पदावरचा माणूस समोर आहे म्हणून त्या मुलीनं शब्द मवाळ केले नाहीत. हा प्रश्न येणार हे मला ठाऊकच होतं, असं ओबामा म्हणाले आणि त्यांनी सविस्तर उत्तर दिलं. उत्तर सगळ्यांना पटलं असेल असं नाही. पण राष्ट्राध्यक्षाला एका विद्यार्थिनीपुढे आपल्या धोरणाचं समर्थन करावं लागलं, आणि लोकशाहीत नेमकं हेच तर घडायला हवं.

प्रश्न विचारण्यात उर्मटपणा नसतो. बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत बजावून ठेवलंय की धर्मात भक्ती मोक्षाकडे नेत असेल, राजकारणात मात्र ती अधःपाताकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. म्यानमारच्या नेत्या आंग सान सू ची यांची वाटचाल आठवा. 2012 साली त्या दिल्लीच्या लेडी श्रीराम कॉलेजात, म्हणजे स्वतःच्याच कॉलेजात, आल्या तेव्हा कितीतरी वर्षांच्या नजरकैदेतून बाहेर पडलेल्या त्या नेत्याकडे सगळं जग आदरानं पाहत होतं. त्याच सू ची डिसेंबर 2019 मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात रोहिंग्यांवरील, म्हणजे आपल्याच देशातल्या मुसलमान अल्पसंख्याकांवरील, अत्याचारांच्या खटल्यात म्यानमारची बाजू मांडायला उभ्या राहिल्या. आणि 2021 च्या लष्करी उठावानंतर पुन्हा कैदेत गेल्या. त्यांनी सोसलेलं काही खोटं ठरत नाही. पण माणूस मोठा म्हणून त्याचं सगळंच बरोबर, ही सवय लागलेल्या श्रोत्याची अशा वेळी फार पडझड होते.

बाबासाहेबांचा विषय निघालाच आहे तर 1952 च्या डिसेंबरबद्दल सांगायला हवं. त्या महिन्यात त्यांनी पुण्याला वकिलांपुढे लोकशाहीवर भाषण केलं. लोकांच्या आर्थिक आणि सामाजिक जीवनात रक्त न सांडता क्रांतिकारक बदल घडवून आणणारी राज्यपद्धती म्हणजे लोकशाही, अशी त्यांनी मांडणी केली. ती टिकायची तर समाजात टोकाची विषमता नको, विरोधी पक्ष हवा, बहुसंख्याकांनी अल्पसंख्याकांना चिरडता कामा नये, असं ते सांगत गेले. त्याच महिन्यात ते आपल्या राजाराम कॉलेजात आले आणि मुलांना सांगितलं की ज्ञान हा जगण्याचा पाया आहे, विचार करण्याची ताकद वाढवा. बिंदू चौकात त्यांचा आणि महात्मा फुल्यांचा पुतळा तर आधीच, 1950 साली उभा राहिला होता. बाबासाहेब हयात असताना! मोठी माणसं येऊन बोलून जाण्याची परंपरा या शहराला अशी आहे.

आता हेरवाडकडे वळूया. शिरोळ तालुक्यातलं, कर्नाटकच्या सीमेला लागून असलेलं गाव. मे 2022 मध्ये या गावानं ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं या प्रथा बंद. काही दिवसांत राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हाच कित्ता गिरवायला सांगितलं. ते वर्ष शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचं होतं.

या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहा. 26 जुलै 1902 रोजी करवीर संस्थानात मागासलेल्या वर्गांसाठी सरकारी नोकऱ्यांतल्या निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम निघाला. महाराज त्या वेळी विलायतेत होते. 1917 साली त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, विधवा पुनर्विवाहाला कायद्याचा आधार दिला. हे सगळं एका राजाच्या इच्छेनं झालं, मतदान कुणी घेतलं नाही. घेतलं असतं तर राखीव जागांचा हुकूम दरबारातल्या वजनदार मंडळींनी हाणून पाडला असता, असं मला खात्रीनं वाटतं. हेरवाडचा ठराव मात्र गावानं गावासाठी केला. त्याच्यामागे दंड नाही, तुरुंग नाही. अंत्यविधीच्या वेळी कुणी म्हातारी पुढे येऊन बांगड्यांना हात घालू लागली तर तिला अडवायला शेजारणीच लागतात, किंवा तो हात स्वतःच मागे घ्यायला ती तयार व्हावी लागते. राजाचा हुकूम एका दिवसात निघतो, पण ठराव घरोघरी रुजायला पिढी जाते. आणि गावातल्या बहुसंख्यांना बदल नकोच असेल तेव्हा काय करायचं?

हा प्रश्न घेऊन आपल्या मुलींनी जगातल्या नेत्यांसमोर उभं राहावं. लायबेरियाच्या लेमा बोवी यांचंच उदाहरण घ्या. देशातलं यादवी युद्ध थांबावं म्हणून त्यांनी 2003 साली ख्रिस्ती आणि मुसलमान बायकांना एकत्र आणलं, पांढरे कपडे घालून त्या बायका राजधानी मनरोव्हियाच्या मासळीबाजाराजवळ दिवसेंदिवस बसून राहिल्या. शांतता बोलणी रेंगाळली तेव्हा त्यांनी घानात जाऊन सभागृहाची दारं अडवली आणि पुरुषांना बाहेर पडू दिलं नाही. 2011 चं शांततेचं नोबेल त्यांना विभागून मिळालं. अशी बाई समोर असताना मानवी हक्कांची व्याख्या विचारण्यात वेळ का घालवायचा? तिला विचारावं, युद्ध संपल्यावर त्या बायकांना घरात मान मिळाला का? आमच्याकडे ठराव झालाय, पण सासू ऐकत नाही, तुम्ही तिथं सासूला कसं समजावलंत? जगभर भाषणं देत फिरणाऱ्या माणसालाही असा प्रश्न थांबून विचार करायला लावतो.

प्रश्न मराठीत विचारावा, दुभाषी बसवावा. फेब्रुवारी 1916 मध्ये बनारस हिंदू विद्यापीठाच्या समारंभात गांधीजींनी भर सभेत सांगितलं होतं की आपल्याच देशबांधवांशी परक्या भाषेत बोलावं लागणं ही लाजेची गोष्ट आहे. दागिन्यांनी मढलेल्या राजेमहाराजांनाही त्यांनी सोडलं नाही. ॲनी बेझंट त्यांना थांबवू पाहत होत्या, विद्यार्थी बोलत राहा म्हणत होते, आणि सभा मोडली. रायगड जिल्ह्यातल्या गागोद्याचा एक तरुण त्यानंतर थोड्याच दिवसांत काशीला शिकायला आला. त्या भाषणाचा वृत्तांत त्यानं वर्तमानपत्रात वाचला, गांधीजींना पत्रानं शंका विचारल्या आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये तो अहमदाबादच्या आश्रमात पोहोचला. ते विनोबा. सभेतल्या शब्दांनी विनोबांना गाठलं ते वृत्तांतामधून, म्हणून भाषणाचं नीट टिपण करून ते मराठीत भित्तिपत्रकावर, स्थानिक वर्तमानपत्रात पोहोचवणं हे काम मी फार महत्त्वाचं मानतो.

प्राचार्य आणि प्राध्यापक मंडळींना माझी कळकळीची विनंती आहे. प्रास्ताविक, परिचय, सत्कार, मनोगत यांतच तास जातो आणि शेवटी वेळेअभावी दोनच प्रश्न घेऊ असं सूत्रसंचालक जाहीर करतात. सत्कार पाच मिनिटांत उरका. प्रश्नांना भाषणाइतका वेळ द्या. चिठ्ठ्या मागवून त्यांतल्या गोड गोड निवडू नका, मुलांच्या हातात माईक द्या. आठवडाभर आधी पाहुण्याच्या देशाबद्दल वर्गात बोला, म्हणजे मुलं कोरी येणार नाहीत. आणि कार्यक्रम संध्याकाळी ठेवू नका. राधानगरी, शाहूवाडी, गगनबावड्याकडून एसटीच्या पासावर येणाऱ्या मुली गाडी चुकेल म्हणून प्रश्नोत्तरं सुरू व्हायच्या आतच दप्तर उचलतात, आणि गावच्या ठरावाबद्दल विचारू शकणाऱ्या नेमक्या त्याच असतात. सकाळी अकराची वेळ ठेवा.

नमस्कार.