वाटाण्याएवढी ग्रंथी

[दादर स्थानक, पूल. संध्याकाळ. घोषणेचा आवाज.]

धीमी गाडी आज पलीकडच्या फलाटावर येतेय. घोषणा संपायच्या आत पूल अख्खा वळला. निळ्या ओढणीतल्या ह्या ताई बघा. खांद्याला पर्स, हातात डब्याची पिशवी, आणि दोन-दोन पायऱ्या गाळत उतरतायत. पळायचं हे त्यांनी ठरवलंच नाही. ठरवायला वेळ कुठे होता?

मेंदूत अमिग्डला नावाचा बदामाच्या आकाराचा भाग असतो. धोक्याची पहिली वर्दी त्याची. तिथून निरोप मेंदूतल्याच हायपोथॅलॅमस ह्या भागाला आणि पुढे मज्जातंतूंवाटे थेट पाठीच्या बाजूला, मूत्रपिंडांपाशी.

[वैद्यकीय मॉडेल, जवळून.]

हे मूत्रपिंड. त्याच्या डोक्यावर टोपीसारखी बसलीय ती ॲड्रिनल ग्रंथी. वजन जेमतेम चार-पाच ग्रॅम. आत गाभा, बाहेर साल, आणि दोघांची कामं वेगळी. गाभ्याला मज्जातंतू थेट जोडलेले, म्हणून ॲड्रिनलिन हे संप्रेरक काही सेकंदांत रक्तात उतरतं. छाती धडधडते, श्वासनलिका रुंदावतात, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात. यकृत साठवलेली साखर मोकळी करतं. आतड्यांकडचं रक्त पायांच्या स्नायूंकडे वळतं.

[लेडीज डबा.]

चढल्या! "सरका ना जरा." चौथी सीट मिळाली. पर्समधून पिशवी निघाली, पिशवीतून मटारच्या शेंगा. जानेवारी आहे.

हा दाणा नीट बघा. मेंदूच्या तळाशी पीयूषिका म्हणजे पिट्युटरी ग्रंथी असते, ती साधारण एवढीच. ताई बसल्या, पण आतली दुसरी साखळी आता कुठे वेग घेतेय. हायपोथॅलॅमसने सीआरएच नावाचं संप्रेरक सोडलंय. हा ४१ अमिनो आम्लांचा रेणू शास्त्रज्ञांच्या हाती लागायला १९८१ साल उजाडलं. कॅलिफोर्नियात वायली वेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंढ्यांच्या मेंदूतून तो ओळखला. सीआरएच पीयूषिकेला जागं करतं. ती एसीटीएच हे आपलं संप्रेरक रक्तात सोडते. ते रक्ताबरोबर फिरत ॲड्रिनलच्या सालीपर्यंत येतं, आणि साल कोलेस्टेरॉलपासून कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक बनवायला लागते.

[खिडकीबाहेर सरकती स्थानकं.]

माटुंगा, शीव, कुर्ला. कॉर्टिसॉल चढतंय. ताणाचा प्रसंग घडल्यावर साधारण वीस ते तीस मिनिटांनी ते सगळ्यात वर असतं. म्हणजे धावपळ दादरला झाली आणि शिखर आलं विक्रोळीच्या आसपास, हात शांतपणे शेंगा सोलत असताना. संध्याकाळी घरी आल्या आल्या बाई चिडचिड करते, असं किती सहज म्हटलं जातं. म्हणणाऱ्याने हा प्रवास एकदा तरी बघावा, म्हणून हा शॉट आम्ही कापला नाही.

ह्या साखळीला ब्रेकही आहे, आणि तो फार सुंदर आहे. वाढलेलं कॉर्टिसॉल रक्तातून मेंदूकडे परततं आणि हायपोथॅलॅमस व पीयूषिका दोघींना सांगतं, पुरे. मग निरोप थांबतात, पातळी उतरते. एरवीही दिवसाची त्याची चाल ठरलेली असते. जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात सगळ्यात वर, मध्यरात्रीच्या सुमाराला तळाला. संध्याकाळ ही उतरणीची वेळ.

पण उतरायला उसंत लागते. १९३६ साली मॉन्ट्रिअलमध्ये हान्स सेली या शास्त्रज्ञांनी उंदरांना थंडी, अतिश्रम, औषधांची इंजेक्शनं असे निरनिराळे त्रास दिले. त्रास कोणताही असो, खुणा त्याच दिसल्या: ॲड्रिनल सुजलेल्या, छातीतली थायमस ग्रंथी आकसलेली, जठरात व्रण. माणसातही कॉर्टिसॉल दीर्घकाळ चढं राहिलं तर झोप, रक्तदाब, साखर आणि प्रतिकारशक्ती, सगळ्यांवर परिणाम होतो.

[दाण्यांनी भरलेली पिशवी, जवळून.]

ह्या अर्ध्या तासात ताईंना कुणी हाक मारली नाही. शेजारणीने न विचारता मूठभर शेंगा उचलल्या आणि सोलायला घेतल्या. दोघी काही बोलत नव्हत्या.

[कांजूरमार्ग. दाराकडची गर्दी.]

भांडुप यायच्या आधीच उठायला हवं, नाहीतर उतरता येत नाही. सालं एका पिशवीत, दाणे दुसऱ्या. ओढणी खोचली. गाडी पुरती थांबायच्या आत पाय फलाटावर, आणि चाल पुन्हा भराभर.

आठच्या आत कुकर लावायचा आहे.