२६ जानेवारीची दौड झाली, आता पुढच्या वर्षाची आखणी

नमस्कार श्रोतेहो.

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी २६ जानेवारीला दौड झाली. मी एकवीस किलोमीटर धावलो, म्हणजे अर्धी मॅरेथॉन. ज्या रस्त्यानं रोज दुधाचे कॅन आणि कापसाच्या गाड्या जातात, त्याच रस्त्यावर धुऱ्याधुऱ्यावर माणसं उभी होती. फाट्यावर बायांनी संत्र्याच्या फोडी आणि गुळाचे खडे परातीत धरले होते. आपल्याच माणसांनी नावानं हाक मारली की शेवटचा चढाव पायांना जड जात नाही, हे मी त्या सकाळी अनुभवलं.

आता तिथं भेटलेली पोरं विचारताहेत, भाऊ, पुढं काय? पूर्ण मॅरेथॉन कधी?

आधी हे काही दिवस सांभाळा. लांब धावल्यावर स्नायूंत बारीक बारीक इजा होतात. दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतं. ते ओसरलं म्हणजे आतली झीज भरली, असं नाही. ती भरते झोपेत, आणि डाळ, दूध, अंडी, चना पोटात गेला तर. आपली अडचण अशी की या दिवसांत हरभऱ्याला ओलित असतं आणि विजेची लाइन पुष्कळदा रात्रीची. दौडीनंतर निदान चार-पाच रात्री मोटर चालू करायला घरातल्या दुसऱ्या कुणाला पाठवा. आठवडाभर नुसतं चाला, मग हलकं धावा, आणि वेगानं धावायचं ते तीनेक आठवड्यांनंतरच.

आता पूर्ण मॅरेथॉनचं. अंतर ४२.१९५ किलोमीटर. मुंबईची मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते, आमच्यातल्या बऱ्याच जणांच्या डोळ्यांसमोर तीच आहे. तयारीला साधारण अठरा ते वीस आठवडे लागतात. मागं मोजत गेलं तर सुरुवात येते पोळ्याच्या आसपास. मोबाइलवर मिळणारे तयारीचे तक्ते तिथूनच सुरू होतात आणि आठवड्यामागून आठवडा अंतर वाढवत नेतात. पण चौथ्या-पाचव्या आठवड्यात आपल्याकडे सोयाबीनची सोंगणी येते. दिवसभर कमरेत वाकून सोंगणारा माणूस पहाटे अठरा किलोमीटर कसा धावणार? त्यानंतर लगेच थ्रेशर, मग कापसाची वेचणी, मग हरभऱ्याची पेरणी. तक्ता करणाऱ्यानं आपलं वावर पाहिलेलं नाही. म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे की आपला तक्ता आपण शेतीच्या हंगामावर बसवावा.

मी तो असा बसवतो आहे. सुरुवात पोळ्याला नाही, नागपंचमीला. त्या वेळी डवरणी-निंदण आटोक्यात आलेलं असतं आणि पिकं उभी असतात. सोंगणीच्या आत लांब धाव पुन्हा अठरा-वीस किलोमीटरवर आणून ठेवायची. सोंगणी आणि मळणीच्या दिवसांत आठवड्याला दोन छोट्या धावा, बस. त्यात काही बुडत नाही, शरीर तेवढं धरून ठेवतं. दिवाळीनंतर मात्र खरी चढण: बावीस, पंचवीस, अठ्ठावीस, आणि दर दोन-तीन आठवड्यांनी एक आठवडा कमी. डिसेंबरच्या शेवटी एकदा तीस किलोमीटर, आणि तिथून शर्यतीपर्यंत तीन आठवडे अंतर उतरवत न्यायचं.

लांब धाव कोणत्या दिवशी? शहरात रविवारी. आपल्या गावात मजुरांना सुट्टी असते बाजाराच्या दिवशी, त्या दिवशी वावरात काम नसतं. आमचा बाजार बुधवारी, तर माझी लांब धाव बुधवारी. तुमच्या बाजाराचा जो वार असेल, तोच तुमचा लांब धावण्याचा वार.

मार्च ते मे नुसती सवय टिकवायची. ऊन पंचेचाळीसवर जातं, तेव्हा उजाडायच्या आत तीन-चार किलोमीटर पुष्कळ झाले. पावसाळ्यात पांदण सोडा, काळी माती बुटाला चिकटली की पायाचं वजनच दुप्पट होतं. रस्त्याच्या कडेनं समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूनं पळा आणि अंगावर उजळ कपडे ठेवा. तासाभराच्या वर धावणार असाल तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा चमचे साखर आणि चहाचा अर्धा चमचा मीठ घालून ते पाणी वाटेत दोन-तीन ठिकाणी ठेवून या. घामानं मीठ जातं, आणि नुसतं पाणी फार पीत राहिलं तर रक्तातलं मीठ आणखी पातळ होतं.

भरतीची तयारी करणाऱ्या पोरांना मात्र मी वेगळं सांगतो. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावायचं असतं. तिथं वेग लागतो. ज्यांची भरती तोंडावर आहे त्यांनी या वर्षी पूर्ण मॅरेथॉनच्या मागं लागू नये. पण भरती झाली, किंवा वयाची अट ओलांडली, की बूट खुंटीला टांगतात, त्याचं मला फार वाईट वाटतं. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे सैन्यात गेला आणि त्यानंतर शर्यतींत उतरला. २०२० मध्ये दिल्लीत त्यानं अर्धी मॅरेथॉन एक तास तीस सेकंदांत धावली आणि राष्ट्रीय विक्रम केला. नोकरी लागल्यावर त्याची धाव सुरू झाली. आपल्या पोरांची तिथं का थांबावी?

पुढच्या वर्षी मुंबई धावलो तर २६ जानेवारी त्यानंतर आठवडा-दीड आठवड्यातच येईल. तेव्हा गावच्या दौडीत मी धावणार नाही, पाण्याच्या टेबलावर उभा राहीन. हे आत्ताच ठरवलं आहे.

आणि एक मागणी सरपंचांना आणि शाळा समित्यांना. यंदा आमच्या दौडीत मुली होत्या, पण त्यांतल्या कितीतरी जणी वर्षभर धावतच नाहीत, कारण पहाटे अंधारात रस्त्यावर एकटीला कोण पाठवणार? शाळेच्या मैदानाचं फाटक पहाटे पाच ते सात उघडं ठेवा आणि एक दिवा लावा. त्याला फार खर्च नाही. नागपंचमीच्या आत एवढं झालं, तर पुढच्या वर्षाच्या तयारीत त्याही असतील.

नमस्कार.