वाटीतलं पाणी जातंय कुठे?

हा लिटर ट्रे. बघायला बरा वाटत नाही, पण या बोक्याचा मधुमेह पहिल्यांदा दिसला तो इथेच. वाळूत लघवीचे जे गोळे जमतात, ते एरवी लिंबाएवढे असायचे. आता मोसंब्याएवढे होतायत. पाण्याची वाटी सकाळी भरली की दुपारी तळ दिसतो. घरचे म्हणाले, उन्हाळा आहे. पुण्यातल्या एप्रिलमध्ये कुणालाही तेच वाटेल.

बोक्याचं वय दहा. नसबंदी झालेली, फ्लॅटबाहेर पाऊल नाही, समोर दिवसभर कोरड्या खाद्याची भरलेली वाटी. मांजरांमध्ये मधुमेह कुणाला जास्त होतो विचाराल, तर अशांनाच: नर, नसबंदी झालेले, सातच्या पुढचे, अंगाने भरलेले. वारंवार स्टेरॉइड दिलेलेही त्यात आले. हा खातो आधीपेक्षा जास्त, आणि तरी पाठीवरून हात फिरवला की मणके लागतात. चार किलोच्या मांजराचं पाव किलो उतरलं, तर ते साठ किलोच्या माणसाचं पावणेचार किलो उतरण्यासारखं. पण केसांखाली ते दिसत नाही. वजन करायला हवं: आधी मांजराला घेऊन काट्यावर उभं राहायचं, मग एकट्याने, आणि वजाबाकी.

आता त्याची चाल बघा. मांजर चालतं चवड्यांवर. याची मागची टाच फरशीला टेकतेय. साखर बराच काळ चढलेली राहिली की पायाच्या नसा अशा दुबळ्या होतात. सगळ्याच मांजरांत हे होत नाही, आणि ते दिसेपर्यंत थांबायचंही नसतं.

दवाखान्यात वेगळीच अडचण. पिंजरा, रिक्षा, शेजारी भुंकणारा कुत्रा. नुसत्या घाबरण्याने मांजराची साखर 300 च्या वर जाऊ शकते, मधुमेह नसतानाही. म्हणून डॉक्टर एकाच आकड्यावर निदान करत नाहीत. फ्रुक्टोसामाइन ही रक्ताची तपासणी मागच्या दोनेक आठवड्यांतल्या साखरेची सरासरी सांगते. लघवीही तपासतात. रक्तातली साखर साधारण 270-280 च्या पुढे गेली की मूत्रपिंडाला ती अडवता येत नाही. ती लघवीत उतरते आणि सोबत पाणी ओढून नेते. ट्रेमधले गोळे त्यामुळेच फुगले होते.

घरी साखर बघणं अवघड वाटतं, म्हणून हे नीट बघून घ्या. आधी कोमट कापसाने कान शेकायचा. कानाच्या कडेने ही बारीक शीर जाते. मागे कापसाचा बोळा धरायचा, म्हणजे सुई आपल्या बोटात शिरत नाही. एक टोच. थेंब मोहरीएवढा आला तरी ग्लुकोमीटरची पट्टी तो ओढून घेते. लगेच उकडलेल्या चिकनचा तुकडा. काही दिवसांत बोका चिकनच्या आशेने स्वतःच येऊन बसतो. माणसांचं ग्लुकोमीटर मांजराची साखर बहुधा कमी दाखवतं, त्यामुळे कुठलं यंत्र वापरायचं ते डॉक्टरांना विचारूनच.

इन्सुलिन दिवसातून दोनदा, बारा तासांच्या अंतराने, खाणं झाल्यावर. सैल कातडी चिमटीत धरून. मात्रा फार लहान, बहुतेकदा एका युनिटपासून सुरुवात. इथेच सिरिंज सांभाळायची. आपल्याकडे लाल टोपीची 40 युनिटची, म्हणजे एका मिलीलिटरमागे 40; केशरी टोपीची 100 ची. 100 युनिटचं इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजमध्ये त्याच खुणेपर्यंत भरलं, तर मात्रा अडीचपट जाते. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा, दोन्ही रोज वाचायचे.

इन्सुलिनने साखर फार उतरून मांजर झोकांड्या खायला लागलं, झटके आले, तर हिरड्यांना मध चोळून थेट दवाखाना. उलट्या होतायत, खाणं बंद झालंय, तरी थेट दवाखाना; सकाळची वाट बघायची नाही.

आणि ही वाटी बदलली. कोरड्या दाण्यांऐवजी कमी पिष्टाचं ओलं खाद्य. हे मनाने करायचं नाही, कारण खाणं बदललं की साखर उतरते आणि इन्सुलिनही कमी करावं लागतं. निदान लवकर झालं, साखर आटोक्यात राहिली, तर काही मांजरांचं इन्सुलिन काही महिन्यांत सुटतंही. हा बोका सध्या अर्ध्या युनिटवर आलाय. पुढचं डॉक्टर ठरवतील. इन्सुलिन सुटलं तरी आजार परत येऊ शकतो, त्यामुळे कानाची टोच चालूच राहणार. चिकनही.