सागाचं जहाज आणि 41 खिळे

नमस्कार श्रोतेहो. खानदेशातल्या माणसानं जहाजावर बोलावं, म्हणजे तापीच्या पुलावरून पाणी पाहण्यातलाच प्रकार! तरी ऐका.

12 ऑक्टोबर 1817. मुंबईच्या गोदीतून ‘त्रिंकोमाली’ नावाची शिडाची युद्धनौका पाण्यात उतरली. बांधणारे जमशेटजी बमनजी वाडिया. तिचे आराखडे आधी इंग्लंडहून इंग्रजांच्या ‘जावा’ जहाजानं निघाले होते. 1812 साली अमेरिकनांनी ते जहाज ब्राझीलजवळ लढाईत हरवलं आणि मग जाळलं. आराखडे पुन्हा पाठवावे लागले. काम सुरू करताना वाडियांनी तळाच्या मुख्य लाकडात चांदीचा खिळा ठोकला. लाकूड मात्र साग. ध्यानात ठेवा, साग.

आता आमच्या घरची गोष्ट. बोरी नदीकाठच्या आमच्या जुन्या घराची माडी उतरवत होते. मी असेन नऊ-दहा वर्षांचा. मिस्तरीबाबांनी आधी बाभळीच्या दांडीतला खिळा ओढला. काळाठिक्कर, अर्धा खाल्लेला, आणि मधेच तुटला. मग सागाच्या तुळईतला ओढला. तो कुरकुरत, पण अख्खा निघाला. मिस्तरीबाबांनी धोतराला पुसून माझ्यासमोर धरला, “दख भाऊ, हाऊ खिया. गंज लागेल नही!” म्हणजे, गंज लागलेलाच नाही.

आजी ओट्यावर बसून खिळे मोजत होती. नवे खिळे विकत आणायचे नाहीत, हेच सरळ करून दारांना मारायचे, असा तिचा हुकूम. एक्केचाळीस भरले. (त्यातलं एक दार आजही आहे. परवा पुतण्यानं त्याला चॉकलेटी ऑइलपेंट फासला. सागाला रंग देणाऱ्याला माझ्या मते घरात जेवायला वाढू नये. असो.)

तर बाभूळ आणि साग. ज्या बाभळीच्या सालीनं कातडं कमावतात, तिचा तुरट रस लोखंड खातो. इंग्लंडचं ओक या बाबतीत आपल्या बाभळीचंच भावंड. सागात तेल असतं. ते लोखंडालाही जपतं, लाकडालाही. ओकची जहाजं लवकर कुजत, सागाची टिकत. पुन्हा सांगतो, सागाची टिकत.

‘त्रिंकोमाली’चा साग मलबारचा, आपल्याकडचा नव्हे. पण 1842 साली इंग्रजांनी आपल्या शेजारच्या डांगची जंगलं भिल्ल राजांकडून भाडेपट्ट्यानं घेतली, तीही सागासाठीच.

‘त्रिंकोमाली’ आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला उभी आहे. पाण्यावर तरंगणारी ब्रिटनची सर्वांत जुनी युद्धनौका, आणि बांधणी आपल्या मुंबईची.

खिळ्यांचं राहिलंच. संध्याकाळी आजीनं पुन्हा मोजले, तर चाळीस! तिनं मिस्तरीबाबांची पिशवी उलटी केली, चहासुद्धा दिला नाही. बिचारे उपाशीपोटी हसत गेले.

एक्केचाळिसावा माझ्या चड्डीच्या खिशात होता.