सावली एक, शब्द दोन

नमस्कार. नववी-दहावीला इंग्रजी शिकवण्यात माझा जन्म गेला. पण आज बोलायचंय ते एका मुलीच्या निबंधातल्या एका वाक्यावर. सहलीचं वर्णन होतं. चालून दमलो आणि वडाच्या सावलीत बसून डबे उघडले, असं तिला म्हणायचं होतं. सावलीसाठी तिनं 'शॅडो' लिहिलं होतं. मी त्याभोवती लाल गोल केला, वर 'शेड' लिहिलं आणि वही परत दिली. ती जागेवरून उठून आली. "सर, डिक्शनरीत दोन्हींचा अर्थ सावलीच दिलाय. मग माझं चुकलं कुठे?" प्रश्न रास्त होता. मी म्हणालो, "तसं म्हणत नाहीत." हे काही उत्तर नव्हे. ते उत्तर मी पुढे बरीच वर्षं शोधत राहिलो.

शेड म्हणजे ऊन न पोचणारी जागा. तिथे बसता येतं, गाडी लावता येते, रोपाची कुंडी ठेवता येते. शॅडो म्हणजे आकृती. ती कुणाची तरी असते. तिला कड असते, तिचा धनी हलला की तीही हलते. दिव्यावर बसवतात ती लॅम्पशेड, कारण तिचं काम उजेड अडवणं. उलट एखाद्यावर पाळत ठेवून मागोमाग फिरायचं, तर इंग्रजीत 'शॅडो' हेच क्रियापद होतं. ब्रिटनच्या संसदेत विरोधी पक्ष एकेका मंत्र्यावर लक्ष ठेवायला आपला एकेक माणूस नेमतो, त्या मंडळालाही शॅडो कॅबिनेटच म्हणतात. आपल्याकडे या अर्थाच्या जवळ जाणारा 'पडछाया' हा शब्द आहे. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर कलावंत चामड्याच्या बाहुल्या पडद्यामागे नाचवतात. पडद्यावर दिसते ती शॅडो. तिच्यात गारव्याला कुणी बसत नाही.

हा फरक डोळ्यांनी पाहायचा असेल तर मे महिन्यात पाहता येतो. आपला सगळा महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, त्यामुळे सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो. पुण्यात पहिली वेळ १३-१४ मेच्या सुमारास, दुपारी साडेबाराच्या आसपास. दुसरी जुलैअखेर, पण तेव्हा आभाळ भरलेलं असतं. एका उन्हाळी शिबिरात आम्ही पटांगणात लोखंडी पाइप उभा केला. त्याची सावली आखडत आखडत पायाशी आली आणि मग उरलीच नाही. मुलांनी टाळ्या वाजवल्या. शेजारच्या आंब्याखाली दोन-चार जण आरामात बसलेले होते. मी त्यांना तिथूनच विचारलं, "तुमची सावली गेली का रे?" "नाही सर, इथे आहे की!" पाइपाची शॅडो गेली होती, आंब्याची शेड जागच्या जागी होती. वर्षानुवर्षं फळ्यावर जे नीट उतरलं नव्हतं, ते त्या मिनिटात मुलांना दिसलं. मलाही.

आता हे दोन शब्द आले कुठून? हजारएक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत हा एकच शब्द होता, उच्चार साधारण 'शॅआदु'. त्या इंग्रजीला आपल्या मराठीसारखी विभक्ती होती. कर्ता असेल तर 'शॅआदु', विभक्तीत गेला की 'शॅआद्वे'. मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. आपण म्हणतो 'जाऊ आली', पण 'जावेला सांगितलं'. उ चा व होतो, सामान्यरूप तयार होतं. इंग्रजीची विभक्ती पुढे झडून गेली. मूळ रूपातून 'शेड' राहिला, सामान्यरूपातून 'शॅडो'. उद्या मराठीतले प्रत्यय गळून पडले आणि 'जाऊ' व 'जावे' हे दोन वेगळे शब्द होऊन बसले, तर जे होईल तेच हे. कुरणाला इंग्रजीत 'मेडो' म्हणतात, तेही असंच सामान्यरूप. त्याचं मूळ रूप 'मीड' आता जुन्या कवितेतच भेटतं, कारण त्याला स्वतःचं वेगळं काम मिळालं नाही.

मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. एका अर्थाचे दोन शब्द भाषेत राहिले, की ते अर्थाची वाटणी करून घेतात. मराठीत काय वेगळं झालं? 'क्षेत्र' आणि 'शेत' मुळात एकच. आपण क्षेत्राला जातो ते पंढरपूरला, आणि शेतावर जातो ते भांगलायला. 'गर्भिणी' आणि 'गाभण' एकच, पण गाभण म्हैस असते. घरातल्या सुनेला तो शब्द कुणी वापरून तर पाहा.

इंग्रजीत अशी भावंडं खूप, कारण तिच्या दाराशी पाहुणे खूप आले. शर्ट तिचा घरचा, स्कर्ट उत्तरेकडून आलेल्या व्हायकिंग लोकांचा, मूळ एकच. १०६६ मध्ये उत्तर फ्रान्समधून नॉर्मन लोक आले, त्यांची भाषा फ्रेंचचीच एक बोली. जिथे पॅरिसकडचे लोक 'ग' म्हणत, तिथे हे 'व' म्हणत. इंग्रजीनं दोघांकडूनही शब्द घेतले, त्यामुळे तिच्यात 'वॉर्डन' आहे आणि 'गार्डियन' आहे. तशीच 'वॉरंटी' आणि 'गॅरंटी'.

या शेवटच्या जोडीपाशी थोडं थांबतो, कारण ती आपल्या रोजच्या व्यवहारातली आहे. मिक्सर घ्यायला गेलात की दुकानदार म्हणतो, "वॉरंटी दोन वर्षं, गॅरंटी नाही." म्हणजे बिघडला तर दुरुस्त करून देऊ, बदलून देणार नाही. कायद्याचं इंग्रजी वेगळं. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात गॅरंटी म्हणजे दुसऱ्याच्या देण्याची हमी, आपण ज्याला जामीन राहणं म्हणतो ते. वॉरंटी भेटते १९३० च्या मालविक्री कायद्यात, मालाबद्दलची एक दुय्यम अट म्हणून. दुकानदारानं केलेली वाटणी या कायद्यांत नाही, पण ती चूक आहे असं मी म्हणणार नाही. दोन शब्द हाताशी आले, गिऱ्हाइकाला दोन गोष्टी सांगायच्या होत्या, त्यानं एकेकाला एकेक काम दिलं.

एक जोडी तर नुसत्या लिहिण्यानं वेगळी झाली. इंग्रजीत फूल (flower) आणि पीठ (flour) यांचा उच्चार जवळपास एकच. मूळ शब्दही एकच: दळण चाळल्यावर हाती येणारा सगळ्यात बारीक, निवडक भाग म्हणजे पिठाचं फूल. आपण त्याला सपीट म्हणतो. जॉन्सनचा प्रसिद्ध शब्दकोश १७५५ चा, त्यातही दोन्ही अर्थ एकाच स्पेलिंगखाली आहेत. स्पेलिंगची वाटणी त्यानंतर पक्की झाली. आणि हा शब्द आपल्याकडे आला तेव्हा आपण त्याला तिसरंच काम दिलं. मंडईत जाऊन अर्धा किलो फ्लॉवर मागा. भाजीवाली गड्डा उचलून तराजूत टाकेल. फुलं हवी असतील तर पलीकडच्या गल्लीत फुलवाल्याकडे पाठवेल.