रापणीची वाळू

[दृश्य: देवबागचा किनारा, सकाळ]

एका अंगाला कर्ली नदी, दुसऱ्या अंगाला अरबी समुद्र आणि मधे वाळूची चिंचोळी पट्टी. हे मालवण तालुक्यातलं देवबाग. गाबित मच्छीमारांचं गाव.

इथली जुनी मासेमारी म्हणजे रापण. होडी अर्धगोल फिरून जाळं सोडत येते, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात आणि मग माणसं पाय वाळूत रोवून, मागे मागे सरकत ते ओढत राहतात. जाळं जवळ आलं की पाणी रुपेरी दिसायला लागतं. बांगडे, तारल्या, नशीब असेल तर सुरमई. मासळीचे वाटे पडतात. सहज हात लावायला आलेल्यालाही कालवणापुरते मासे मिळतात.

[दृश्य: पॅरासेलिंगच्या बोटी, निवास-न्याहारीच्या पाट्या]

1997 साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला. तारकर्ली, देवबाग, मालवण इथे आधी घरातल्या खोल्या पाहुण्यांना मिळू लागल्या, मग हॉटेलं आली, स्कूबा आला. पैसा आला हे नाकारण्यात अर्थ नाही. मुंबईत नोकरी शोधणारी पोरं इथेच गाईड झाली. पाण्याखाली घाबरलेल्या पाहुण्याचा हात धरून त्याला प्रवाळ दाखवणं, हे कसबाचं काम आहे.

घरातल्या बाईचा दिवस मात्र लांबला. पहाटे घावणे, दुपारी थाळ्या, रात्री पुन्हा थाळ्या. मे महिन्यात खोल्या भरल्या की घरची माणसं पडवीत झोपतात. आणि ज्याचं घर रस्त्याच्या आत, किनाऱ्यापासून दूर, त्याच्याकडे पाहुणा वळतच नाही. रापणीत असं नव्हतं. तिथे घर कुठे आहे याला महत्त्व नव्हतं, दोर ओढायला हात लागायचे.

मासेही कमी झाले, पण त्याचं खापर एकट्या पर्यटनावर फोडता येणार नाही. पर्ससीन म्हणजे मासळीचा अख्खा थवा वेढून घेणारी मोठी जाळी, आणि एलईडी म्हणजे रात्री झगझगीत दिवे लावून मासळी खेचणं; या मासेमारीशी इथले पारंपरिक मच्छीमार कितीतरी वर्षं भांडतायत. 2016 साली राज्याने पर्ससीनवर निर्बंध घातले, तरी ते भांडण मिटलेलं नाही.

[दृश्य: पावसाळा, ओढून ठेवलेल्या होड्या]

पर्यटन म्हणजे जोडधंदा, असं म्हणतात. पण जून-जुलैत यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद, आणि मे सरता सरता जलक्रीडाही बंद. दोन्ही आवका एकाच वेळी आटतात.

पुढे दिवाळी आणि नाताळ, तेव्हा दोन्ही धंदे एकाच वाळूवर येतात. रापणीला सकाळचे काही तास मोकळा किनारा लागतो, त्याच वेळी बोटींना गिऱ्हाईक लागतं. हॉटेलच्या जागेचा सातबारा असतो. रापण जिथे ओढतात त्या वाळूवर पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट आहे, पण ती दाखवायला रापणकारांच्या हाती सातबारा नाही.