वंशावळीत न लिहिलेली लेक

(दृश्य: गोव्यातला फोंडा महाल. पहाट, देवळाची दीपमाळ, तळी.)

देवस्थानच्या महाजनांच्या, म्हणजे वंशपरंपरेने हक्क असलेल्या सभासदांच्या, यादीत नाव बापाकडून मुलाकडे चालत येतं. लेक लग्न होऊन गेली की घरच्या वंशावळीत तिची रेघ तिथेच थांबते. पण एका आजाराचा माग काढायचा, तर नेमकी तीच रेघ लागते.

आजाराचं नाव पॅरागँग्लिओमा. मानेत, जबड्याच्या कोनाखाली, सहसा न दुखणारी, वर्षानुवर्षं हळूहळू वाढणारी गाठ. तिथे मेंदूकडे जाणारी रोहिणी दुभंगते, आणि त्या बेचक्यात तांदळाच्या दाण्याएवढा अवयव असतो, कॅरॉटिड बॉडी. रक्तात प्राणवायू किती आहे, याची चाचपणी तो सतत करत असतो. मानेतली ही गाठ त्याचीच.

(दृश्य: खाजन, म्हणजे खाडीकाठचं बांध घातलेलं शेत. बांधात ओहोटीला उघडणारी मानस, पाणी सोडायचं दार.)

पेशीचं इंधन मायटोकॉन्ड्रियात जळतं. तिथे ‘एसडीएच’ (सक्सिनेट डिहायड्रोजनेज) हे विकर, म्हणजे एन्झाइम, सक्सिनेट या रसायनाचं फ्युमरेट करतं. ते बिघडलं की सक्सिनेट तुंबतं. बांधातली मानस अडकली की खाजनात पाणी तुंबतं, तसं. आणि तुंबलेलं सक्सिनेट पेशीची प्राणवायू ओळखणारी यंत्रणाच फसवतं. (याच यंत्रणेच्या शोधाला 2019 चं नोबेल मिळालं.) हवा भरपूर असते, तरी पेशी गुदमरल्यासारखी वागते, वाढत सुटते. अँडीजच्या विरळ हवेत राहणाऱ्यांची कॅरॉटिड बॉडी मोठी झालेली आढळते. इथे तोच प्रकार मिरामारच्या वाळूवर, अगदी समुद्रसपाटीला राहणाऱ्याच्या मानेत घडू शकतो. या आजाराबद्दल वाचताना मी सर्वांत जास्त थबकले ती इथे.

दोष असलेलं जनुक, याच विकराचा एक भाग घडवणारं ‘एसडीएचडी’, 2000 साली सापडलं. मायटोकॉन्ड्रियात काम करणारं आणि गाठींना आवर घालणारं म्हणून ओळखलं गेलेलं हे पहिलं जनुक. मायटोकॉन्ड्रियाचा स्वतःचा डीएनए आईकडूनच येतो, म्हणून हा आजारही आईकडून येत असेल असं वाटतं. पण हे जनुक राहतं पेशीकेंद्रात, अकराव्या गुणसूत्रावर. आणि आजार येतो जवळजवळ नेहमी बापाकडून! नेदरलँड्समधल्या कुटुंबांचा अभ्यास करणाऱ्या डॉक्टरांनी 1989 मध्येच हे टिपलं होतं.

आईकडून दोष मिळाला, तर मूल सहसा निरोगी राहतं. आजार गेला असं घर समजतं. तो गेलेला नसतो. त्या आईचा मुलगा बाप झाला, की त्याच्या मुलांत गाठ पुन्हा उगवू शकते. मधली पिढी कोरी.

(‘एसडीएचडी’च्या भावंड-जनुकाचं, ‘एसडीएचबी’चं, वागणं वेगळं. त्याची गाठ बहुधा पोटात, घाम, धडधड, डोकेदुखी, अचानक चढणारा रक्तदाब. आणि ती शरीरात पसरण्याचा धोका जास्त.)

(दृश्य: टेबलावर कोरा कागद, पेन्सिल.)

जनुकतज्ज्ञ वंशावळ काढतात, तेव्हा पुरुष चौकोनात, बाई वर्तुळात. आजारी माणूस काळा रंगवतात. आजारी नसून दोष वाहणाऱ्या लेकीच्या वर्तुळात फक्त एक ठिपका. त्याखाली तिच्या मुलाचा चौकोन, रक्ततपासणीची वाट पाहणारा. त्याच्याखाली दोन लहान चौकोन आणि एक वर्तुळ.